आबांच्या अंगठ्याखालचा फोन

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय सुन्या,

आबांसाठी नवा फोन कुठला घ्यावा ते विचारलंस आणि सोबत तीन मॉडेलांचा तक्ताही धाडलास. 108 मेगापिक्सेल, 120 हर्ट्झ, अमुक प्रोसेसर. मर्दा, यातला एक तरी आकडा आबांच्या अंगठ्याखाली येतो का? त्यांचा दिवस डोळ्यांपुढं आण. पहाटे गोठ्यात बॅटरी म्हणून टॉर्च, दूध संस्थेचा लिटर-फॅटचा मेसेज, रानातली पाण्याची मोटार चालू-बंद, टपरीवर दहा-वीस रुपयांचं पेमेंट, दुपारी तुझ्या पोराचे फोटो आणि पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी किती फुटांवर गेलं ते. यापलीकडं फोनात काय आहे ते कंपनीला माहीत. म्हणून तक्ता बाजूला ठेव.

मोटारीपासून सुरू करतो, कारण फोन चांगला का वाईट ते तिथंच कळतं. मोटार लांबून चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर म्हणजे मोटारीच्या पेटीत बसवलेला एक फोनच. त्याला स्वतःचं सिम असतं. नोंदवलेल्या नंबरवरून कॉल गेला की तो उचलतो, तिन्ही फेज आहेत का सांगतो आणि चालू करायला हा आकडा दाबा, बंद करायला तो दाबा, असं बोलतो. आकडे कंपनीगणिक वेगळे. म्हणजे आबांना कॉल चालू असताना कीपॅड काढता आला पाहिजे, आणि घोडं पेंड खातं ते इथंच. फोन कानाला लावला की गालानं बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून स्क्रीन काळी होते. त्यासाठी वरच्या कडेला, इअरपीसजवळ, एक सेन्सर असतो. त्यावर चुकीच्या मापाची टेंपर्ड काच चढली किंवा काचेखाली तेल-धूळ गेली की फोनला वाटतं अजून कानालाच आहे. मग स्क्रीन काळी ती काळीच, आकडा दाबायचा कुठं? काही स्वस्त फोनांत तर खरा सेन्सरच नसतो, इतर सेन्सरांवरून अंदाजानं काम भागवतात, आणि तो अंदाज वरचेवर चुकतो.

म्हणून दुकानात गेलास की पहिली परीक्षा हीच घे. राजारामपुरीत घे नाहीतर शाहूपुरीत, काउंटरवरच तुझं सिम घालून कॉल लाव, वरची कड तळहातानं झाक, काढ. चार-पाच वेळा कर. प्रत्येक वेळी स्क्रीन लगेच परत आली पाहिजे. दुकानदार काच बसवून देईल, त्यानंतर पुन्हा एकदा तेच कर. आणि आबांना कॉल लागल्या लागल्या स्पीकरचं बटण दाबायची सवय लाव. स्पीकरवर असताना स्क्रीन सहसा काळी होत नाही आणि पेटी काय बोलते तेही ऐकू येतं.

पेटीच बोलत नसेल तर दोष आबांच्या फोनात शोधू नकोस. बहुतेक वेळा पेटीतल्या सिमचं रिचार्ज संपलेलं असतं. ते कुणाच्याच ध्यानात राहत नाही. दुसरं, जुन्या पेट्यांतलं मोड्यूल 2जीचं असतं. त्यात जिओचं सिम घातलंस तर रेंजच येणार नाही, कारण जिओचं 2जी जाळंच नाही. तिसरं, अँटेना पत्र्याच्या पेटीच्या आत गुंडाळून ठेवलेली असते, ती बाहेर काढायची. आणि आबांचा नंबर बदलणार असेल तर आधी पेटीत नवा नंबर नोंदवून घे. नाहीतर रात्रपाळीची लाईट आली तरी आबा बॅटरी घेऊन चालतच रानात जाणार.

आता खरेदी. 6 जीबी रॅम, 128 जीबी साठवण, 5000 एमएएच बॅटरी. एवढं असलं की आबांना पुष्कळ झालं. 64 जीबीचा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नकोस; त्यातला मोठा वाटा फोनचं स्वतःचं सामानच खातं आणि उरलेलं सुप्रभातचे फोटो भरून टाकतात. स्पीकरचा आवाज दुकानाच्या दारात, रहदारीत उभा राहून ऐक. आतल्या एसीत सगळेच फोन खणखणीत वाजतात. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे का, हे विचार. स्क्रीन फुटल्यावर फोन पुण्याला पाठवून पंधरा दिवस वाट बघणं आबांना जमणार नाही.

इअरफोनची गोल भोकवाली जागा असलेला मिळाला तर तोच घे. एफएमला नेट लागत नाही, पण वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. वायर लावून आवाज स्पीकरवर वळवता येतो. आपलं आकाशवाणीचं केंद्र 102.7 वर. महापुरात टॉवर गेले, डेटा बंद पडला, तर हेच एक चालू राहतं. मात्र फोनात एफएम ॲप आहे का ते आधी बघ, कारण भोक आहे म्हणून रेडिओ असेलच असं नाही.

जुना वापरलेला घ्यायचं डोक्यात असेल तर *#06# लाव, 15 आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसेल. इंग्रजीत केवायएम, मग एक जागा मोकळी सोडून तो नंबर, असा एसएमएस 14422 ला पाठव. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर तिथं कळतं. बिलाशिवाय घेऊ नकोस, कितीही ओळखीचा असला तरी.

फोन घरी आला की अर्धा तास बसून लावून दे. हा अर्धा तास त्या 108 मेगापिक्सेलपेक्षा जास्त कामाचा.

आधी व्हॉट्सॲप. सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथं मीडिया ऑटो डाउनलोडमध्ये मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग, तिन्हीकडच्या व्हिडिओची खूण काढ. फोटो राहू दे, नाहीतर नातवाचा फोटो उघडत नाही म्हणून तुलाच फोन येईल. त्याच जागी मॅनेज स्टोरेज आहे. त्यात 5 एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढलेल्या दिसतात. महिन्यातून एकदा तिथं झाडू मारला की फोन अडत नाही. गावच्या ग्रुपांची मीडिया व्हिजिबिलिटी बंद कर, म्हणजे गॅलरीत घरचेच फोटो राहतील. बॅकअप गुगलच्या फुकटच्या 15 जीबीतच मोजला जातो, त्यामुळं बॅकअपमध्ये व्हिडिओ घेऊ नकोस. मग अकाउंटमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन घाल. ओटीपी कुणाला सांगितला गेला तरी या पिनमुळं खातं सहजी हातचं जात नाही.

आबा टाइप करत नाहीत, म्हणून उत्तरं देत नाहीत. त्यांना बोलून लिहायला दाखव. जीबोर्डच्या, म्हणजे गुगलच्या कीबोर्डच्या, सेटिंग्जमध्ये लँग्वेजेस, ॲड कीबोर्ड, मराठी. कीबोर्ड मराठीवर आणून माइक दाबायचा आणि नेहमीसारखं बोलायचं. आपल्या बोलीतलं ‘काय करालाईस’ त्याला पेलत नाही, भलतंच काहीतरी लिहितो, आणि आडनावांची तर वाट लावतो. पण ‘उद्या सकाळी दहाला ये’ एवढं बिनचूक येतं. त्यालाही कंटाळले तर व्हॉइस मेसेज आहेच.

पैशांचं जरा सविस्तर लिहितो. यूपीआय चालू करताना बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनात पाहिजे आणि त्यावरून एसएमएस जायला पाहिजे, कारण ॲप गुपचूप एक एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. ‘व्हेरिफिकेशन फेल’ येतं ते बहुतेकदा रिचार्ज संपल्यामुळं, किंवा दोन सिमांपैकी चुकीचं निवडल्यामुळं. टपरीच्या पेमेंटसाठी यूपीआय लाइट चालू करून दे. त्यात जास्तीत जास्त 5000 रुपये ठेवता येतात, एका वेळी 1000 पर्यंत पिन न घालता जातात. पासबुकात दहा-दहा रुपयांच्या ओळी भरत नाहीत आणि बँकेचा सर्व्हर रेंगाळला तरी चहा अडत नाही. फोन हरवला तर ते 5000 गेले असं धरून चाल, म्हणून आबांसाठी हजारभरच ठेव.

एक गोष्ट त्यांच्याकडून पाठ करून घे: पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं पैसे जाणार आहेत. ‘काका, चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, क्यूआर स्कॅन करा, परत मिळतील’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवायचा.

कधी पैसे कापले जातात आणि समोरच्याला पोचत नाहीत. मंडईत अशा वेळी लोक घाईनं दुसऱ्यांदा पाठवतात आणि मग दोन्ही जातात. आधी ॲपच्या हिस्टरीत बघायचं. पेंडिंग असेल तर थांबायचं किंवा रोख देऊन मोकळं व्हायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माणसाला पाठवलेले अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला पाठवलेले पाच दिवसांत परत यायला पाहिजेत. उशीर झाला तर बँकेनं दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. तक्रारीला 12 आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर लागतो, तो त्याच हिस्टरीत असतो.

फसवणुकीचा दुसरा प्रकार सध्या जास्त चालतो, तो म्हणजे लग्नपत्रिका किंवा गाडीच्या चलानाच्या नावाखाली आलेली फाइल. नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मिळाली की ओटीपी परस्पर पुढं पाठवतं. बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून येतं, कारण त्या बिचाऱ्याचा फोन चोरट्यांनी आधीच ताब्यात घेतलेला असतो. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोध आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर तिघांचीही परवानगी काढून टाक. चुकून उघडलंच तर फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, ते ॲप काढायचं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवायचं. इथं तासाभराचाही उशीर परवडत नाही. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवले तरच हाताला लागतात.

चार्जिंगच्या तक्रारीत निम्म्या वेळा बॅटरी चांगलीच असते. खिशातला कापूस आणि गोठ्यातला भुसा सी-पोर्टच्या तळाशी दाबून बसतो. पिन शेवटपर्यंत जात नाही, सैल वाटते, हललं की चार्जिंग तुटतं. फोन बंद कर, लाकडी टूथपिक घे, कडेनं हलक्या हातानं कोर. मधल्या पट्टीला धक्का नको. सुई अजिबात नको, आतले पॉइंट एकमेकांना चिकटतात. तशीच गत सिमच्या पिनेची. ट्रेच्या भोकाशेजारी किंवा खालच्या कडेला माइकचं बारीक भोक असतं, लोक त्यातच पिन खुपसतात आणि मग ‘माझा आवाज जात नाही’ म्हणत दुकानात येतात. ट्रेचं भोक ट्रेच्याच पट्टीवर असतं, हे आबांना बोट लावून दाखव. रात्री उशीखाली चार्जिंगला लावू देऊ नकोस, बॅटरीला उष्णतेइतकं काही मारत नाही. पाठ फुगली, स्क्रीन कडेनं उचलली, तर तो फोन चार्ज करायचा नाही की दाबून बसवायचाही नाही.

पावसात भिजला तर बंद करायचा, ट्रे काढायचा, पोर्ट खाली करून पंख्यासमोर उभा ठेवायचा. तांदळात घालू नका. तांदूळ काही पाणी ओढत नाही, वर पीठ आणि कणी पोर्टमध्ये जाते. पोर्ट पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, ओल्या पोर्टात करंट गेला की पॉइंट गंजतात.

पुराचं तुला माहीतच आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पण दर जुलैत 2019 च्या महापुराचेच फोटो नव्यानं फिरतात आणि गल्लीत पळापळ होते. व्हॉट्सॲप मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो निदान पाच हातांतून आलेला असतो, एवढं आबांना सांग. पातळी जिल्हा प्रशासनाच्या आकड्यावरूनच बघायची. सेटिंग्जमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू ठेव. दामिनी ॲपही टाक, रानात असताना आसपास वीज पडायचा धोका असला तर कळतो. पाणी वाढायला लागलं की बॅटरी सेव्हर चालू, डेटा बंद, फक्त कॉल आणि एसएमएस. गर्दीत किंवा रेंज कमी असताना व्हॉट्सॲप नुसतं फिरत बसतं, साधा एसएमएस निघून जातो. पॉवर बटण पाच वेळा दाबल्यावर आणीबाणीच्या 112 ला कॉल आणि तुला मेसेज जाईल असं लावून ठेव. फक्त खिशात आपोआप दाबलं जात नाही ना, ते आठवडाभर बघ.

जुना फोन बाजूला ठेवण्याआधी त्यात कुठलं गुगल खातं आहे ते बघ. दुकानदारानं कधीतरी स्वतःच बनवून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. जुना फोन चालू आहे तोवरच त्याला रिकव्हरी नंबर जोड, नंबर आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच खात्यात घे, मग सिम काढ. नव्या फोनचा आयएमईआय आणि खात्याचं नाव कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिही, बिल तिथंच टाचून ठेव. फोन हरवला तर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत आणि हा नंबर घेऊन संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. पासवर्ड मात्र तिथं लिहू नकोस, कॅलेंडर सगळं गाव बघतं.

शनिवारी येणार असशील तर दुपारी ये, संध्याकाळी दुकानांत कुणाला बोलायला सवड नसते. आणि आबांना सोबत आण. फोन त्यांच्या हातात देऊनच बघू, खिशात मावतो का, एका हातानं कीपॅडपर्यंत अंगठा पोचतो का.

तुझा,
दत्ता