आधी दोनच पुस्तकं घे

प्रिय सुहास,

तुझी बारा पुस्तकांची यादी मिळाली. हसू आलं, कारण माझी चौदांची होती आणि त्यातली जेमतेम तीन वाचून झाली.

लिनक्स सर्व्हर आणि नेटवर्क शिकायला सुरुवात कशाने करू, असं विचारतोस. मी कशी केली ते आधी ऐक. कुणीतरी टाकून दिलेलं एक जाडजूड जुनं पुस्तक घेऊन बसलो. नेटवर्कच्या धड्यात पहिलीच कमांड 'आयएफकॉन्फिग', मशीनचा नेटवर्क पत्ता बघायची-बदलायची. टाइप केली, तर मशीन म्हणतं अशी कमांडच नाही. मला वाटलं, माझंच इन्स्टॉलेशन गंडलंय. अख्खा रविवार पुन्हा इन्स्टॉल करण्यात घालवला आणि संध्याकाळी पुन्हा तेच उत्तर! ती कमांड आता बऱ्याच ठिकाणी मुळात बसवलेलीच नसते. तिचं काम आता 'आयपी' ही कमांड करते, आणि चालू कनेक्शन दाखवणाऱ्या 'नेटस्टॅट'चं काम 'एसएस'. सर्व्हिस (मागे सतत चालणारे प्रोग्राम) चालू-बंद करणं २०१४-१५च्या सुमारास मोठ्या डिस्ट्रिब्युशन्समध्ये (लिनक्सच्या तयार संचांमध्ये) सिस्टमडी या प्रोग्रामकडे गेलं, आणि फायरवॉल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची चाळणी, तीही आयपीटेबल्सकडून एनएफटेबल्सकडे सरकतेय. म्हणून पुस्तक हातात आलं की प्रस्तावना सोड, शेवटची सूची उघड. सिस्टमडीच्या 'सिस्टमसीटीएल' आणि 'जर्नलसीटीएल' या कमांड आणि 'एसएस' तिथे सापडले तरच पुढची पानं चाळ.

ही कसोटी सगळ्यांना लावू नकोस मात्र. रिचर्ड स्टीव्हन्सचं 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड', पहिला खंड, १९९४चा आहे (२०११ साली केव्हिन फॉलने त्याची दुसरी आवृत्ती केली). कमांडची पुस्तकं शिळी होतात, प्रोटोकॉलची, म्हणजे मशीननी एकमेकांशी बोलायच्या नियमांची, फारशी नाहीत. त्यात नुसता सिद्धांत नाही. पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) वायरवर कसं दिसतं ते टीसीपीडम्प या पॅकेट टिपणाऱ्या प्रोग्रामच्या आउटपुटमध्ये ओळीने दाखवलंय. वाचताना दुसऱ्या खिडकीत टीसीपीडम्प चालू ठेव. कनेक्शन जुळताना सिन (जोडणीची विनंती), सिन-ॲक (होकार), ॲक (पोच) हे तीन पॅकेट स्वतःच्या मशीनवर जाताना पाहिले, तेव्हा कुठे मला पोर्ट (मशीनवरच्या एखाद्या सर्व्हिसचा क्रमांकाचा दरवाजा) 'बंद' असणं आणि 'फिल्टर' असणं यांतला फरक कळला. बंद पोर्ट सहसा लगेच नकार पाठवतो. फिल्टरमध्ये फायरवॉल मधेच अडवते, तू सिन पाठवतोस आणि पलीकडून शांतता.

दुसरं पुस्तक एव्ही नेमेथ आणि मंडळींचं, 'युनिक्स अँड लिनक्स सिस्टम ॲडमिनिस्ट्रेशन हँडबुक'. पहिली आवृत्ती १९८९ची, पाचवी २०१७ची. हजाराहून जास्त पानं आहेत, सलग वाचायला जाऊ नकोस, झोप येईल. जे काम पुढ्यात येईल तोच धडा उघड. लेखक थट्टेखोर आहेत आणि मतं लपवत नाहीत, म्हणून मला आवडतं. नेमेथबाई २०१३ साली शिडाच्या बोटीतून समुद्रात गेल्या त्या परतल्याच नाहीत. पाचव्या आवृत्तीवरही त्यांचं नाव पहिलंच आहे.

शेलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागी, हात बसला नसेल तर विल्यम शॉट्सचं 'द लिनक्स कमांड लाइन' पीडीएफमध्ये फुकट मिळतं. डेबियन हे डिस्ट्रिब्युशन घेणार असशील तर त्याचं हँडबुकही फुकट आहे. बाकीची दहा सध्या राहू देत.

आणि मॅन पेजेस, मशीनवरच असलेली कमांड आणि फाइलींची माहितीपानं! ती पुस्तकांत मोजत नाहीत, हा अन्याय आहे. परवा एका सर्व्हरवर डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारणारं 'डिग' नवा पत्ता दाखवत होतं आणि ॲप्लिकेशन मात्र जुन्याच पत्त्यावर धडकत होतं. मी दोन तास डीएनएसला शिव्या घातल्या. शेवटी पाचव्या सेक्शनमधलं एनएसस्विच डॉट कॉन्फचं पान उघडलं. नाव शोधताना आधी मशीनवरची होस्ट्स फाइल बघायची की डीएनएस, हे त्या फाइलमधल्या एका ओळीवर ठरतं. 'डिग' ती ओळ वाचतच नाही, थेट डीएनएसला विचारतं. त्या ओळीप्रमाणे शोधणारं 'गेटेंट होस्ट्स' चालवून पाहिलं, तर ईटीसीमधल्या होस्ट्स फाइलमध्ये एक जुनी नोंद ठाण मांडून बसलेली. लिहिणारा मीच, सहा महिन्यांपूर्वी, 'तात्पुरती' म्हणून.

तू आता दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकातले संगणक) उभ्या कर, स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता येईल अशी प्रत) घे आणि एकीवर डीएनएस बसव. तिसरी हवीशी वाटेल तेव्हा राउटिंगचं बोलू. आणि डिस्ट्रिब्युशन कुठलं घेतोयस ते कळव, त्यावर फायरवॉलच्या कोणत्या नोट्स पाठवायच्या ते ठरवतो.

तुझा,
अविनाश