कान नसलेली तोफ

पोर्ट्समथ,
रविवार रात्र

ती. बाबांस आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा कॉलवर मी तो पितळेचा जाडा ठोकळा दाखवला तेव्हा आई म्हणाली, "अरे, खलबत्त्यातला खल घडवलास की काय?" बाबा, तुम्ही हसलात, पण आईचं बरोबर आहे. आपण जिला उखळी तोफ म्हणतो तिचीच ही छोटी नक्कल. इंग्रजीतलं 'मॉर्टार' म्हणजेही खलच. आखूड, तोंड रुंद, बूड जाड. दोन्हीकडच्या माणसांना तिला बघून स्वयंपाकघरच आठवलं, याची मला मोठी गंमत वाटते.

पुढे नेटवर्क गेलं आणि तुमचे तीन प्रश्न तसेच राहिले: मटेरियल कुठलं, माप काय, आणि चाकं कुठायत. तेवढ्यासाठी हे पत्र.

चाकं नाहीतच. लांब नळीची तोफ समोर मारते आणि धक्का मागे खाते, म्हणून तिचा गाडा मागे सरकायला मोकळा लागतो. घारापुरीला वरच्या टेकडीवर तुम्ही मला खांद्यावर बसवून दाखवल्या होत्या त्या मोठ्या तोफा वेगळ्या. उखळी तोफ तोंड वर करून गोळा तटाच्या पलीकडे टाकते. तिचा बराचसा धक्का खाली जमिनीत जातो. तिथे चाकं लावली तर आसच मोडेल. म्हणून तिला लाकडाचा जाड पाट, बैठकच म्हणा ना. नळीला आधार देणारे दोन बाजूंचे खुंट साध्या तोफेत मध्याजवळ असतात, हिच्यात पार बुडाशी.

मी करतोय ती कोहॉर्न जातीची. मेनो फान कोहॉर्न नावाचा डच किल्लेबांधणीचा इंजिनिअर होता, त्याने १६७३ च्या सुमाराला ही काढली. माणसांनी हाताने उचलून खंदकातून पुढे न्यावी इतकी हलकी. बहुतेक वेळा तोंड ४५ अंशांवर पक्कं बसवलेलं, आणि गोळा जवळ टाकायचा की लांब ते आत दारू किती घातली यावर. इंग्रजांच्या कोहॉर्नचं तोंड ४.४ इंच, म्हणजे ११२ मिलिमीटर. मी चौथ्या हिश्श्याने करतोय, म्हणजे २८. लांबी-रुंदी-उंची तिन्ही चौथाई, म्हणून वजन मात्र चौसष्टावा हिस्सा. हे गणित तुम्हीच मला साबणाच्या वड्या रचून शिकवलं होतंत, आठवतंय?

खरी तोफ काशाची असायची. मी पितळ घेतलं, मऊ लागतं आणि इथे बार मिळतो. शनिवारी आमच्या हौशी मंडळींच्या वर्कशॉपमध्ये जातो. तिथला लेथ मायफोर्ड कंपनीचा, तुमच्याहूनही वयस्कर असेल, पण अजून सरळ चालतो. बाहेरचं टर्निंग छान झालं. पितळेचा कीस तुमच्या खिशातून धुण्याच्या बादलीत पडायचा तसाच इथे माझ्या मोज्यांतून निघतो, आणि आई, तू बाबांना जे बोलायचीस तेच मला इथे ऐकावं लागतं.

मग आली बोअरिंगची, म्हणजे नळी आतून कोरायची पाळी. कोरायच्या हत्याराचा दांडा जरा जास्तच बाहेर काढला होता, पितळ किंचाळायला लागलं आणि आत बारीक लाटा उमटल्या. तेही निस्तरलं. खरा घोळ खुंटांच्या आडव्या भोकाचा झाला. पंच मारला, ड्रिल लावलं, पण गोल पृष्ठभागावर ते केसभर सरकलं आणि माझ्या लक्षातच आलं नाही. बैठकीवर ठेवली तर बाईसाहेबांची मान उजवीकडे कललेली. व्हर्निअर लावून पाहिलं तर अर्धा मिलिमीटर. हसू नका. "काढलेलं परत लावता येत नाही," हे तुमचं वाक्य मी तिथे उभ्या उभ्या मराठीत मोठ्याने म्हटलं, शेजारचे आजोबा दचकले.

लाकडाची कथा आईला जास्त आवडेल. इथल्या रीतीने ओक घेतलं. दोन जाड गाल, मध्ये आडवे तुकडे, लोखंडी बोल्टने आवळलेले. रात्री ओलसर फडक्याने सरस पुसला आणि घरी आलो. पुढच्या शनिवारी पाहतो तो प्रत्येक बोल्टभोवती निळसर काळा डाग, कोणीतरी शाई सांडल्यासारखा. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य फार असतं, लोखंड आणि ओल मिळाली की ते काळं पडतं. आई, केळफूल चिरताना तू हाताला तेल लावतेस आणि विळीचं पातं सारखं पुसतेस ना, तोच प्रकार. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत तीही हीच. मी घासून घासून डाग निम्मे घालवले. निम्मे राहू दिले, आता बैठक दोनशे वर्षांची दिसते. ज्याला विचारावं तो म्हणतो की मुद्दाम केलंस का. मी हो म्हणतो.

यावरून एक गोष्ट कळली ती सांगायचीच होती. सागाला हा त्रास नाही, त्याच्या तेलामुळे आतलं लोखंड टिकतं. नेपोलियनच्या लढायांमुळे इंग्रजांकडे जहाजांना पुरेसं ओक उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांकडून सागाची जहाजं बांधून घेतली. त्यातलं 'ट्रिंकोमली' १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं आणि आजही तरंगतंय, आता हार्टलपूलला. मधली कित्येक वर्षं ते इथेच पोर्ट्समथच्या बंदरात उभं होतं, मुलांना जहाजाचं काम शिकवायला. मी रोज ज्या पाण्याच्या कडेने कामाला जातो तिथेच. दादांना सांगा, त्यांच्या गोदीचं नाव इथे लोक आदराने घेतात.

इथे टेकडीवर फोर्ट नेल्सन आहे, तिथे मॅलेटची उखळी तोफ ठेवलीय. तोंड ३६ इंच! क्रिमियाच्या युद्धासाठी बनवायला घेतली आणि १८५७ साली तयार होईपर्यंत युद्धच संपलं. चाचणीत काही गोळे टाकले तेवढेच, लढाई तिने पाहिलीच नाही. तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझी २८ मिलिमीटरची खिशात होती. तिला दाखवली.

आता आईची काळजी. ही उडत नाही, उडणार नाही. तोफेला बत्ती देतात ते बारीक भोक म्हणजे तिचा कान. जुने लोक पळताना शत्रूच्या हाती तोफ लागू नये म्हणून त्याच कानात खिळे ठोकायचे. मी कान पाडलाच नाही. आतली दारूची अरुंद कोठडीही कोरली नाही, सरळ भरीव ठेवलीय. इथे काळी दारू जवळ ठेवायलाही पोलिसांचा परवाना लागतो, आणि मला ती हौस नाही. आमच्या मंडळातले दोघे तिघे खऱ्या छोट्या तोफा उडवतात, परवाना, कानावर मफ, लांब दोरी, सगळा जामानिमा. मी लांबून टाळ्या वाजवतो. गणपतीत लक्ष्मी बॉम्बला कान झाकणारा मुलगा तुमचाच आहे.

आता मुद्द्याचं, बाबा. गणपतीला येतोय, तिकीट काढलंय. विमानात हातातल्या सामानात अशी नक्कल चालत नाही, आणि सहारला बॅग उघडून "साहेब, हा खलबत्ता आहे" असं सांगत बसायची माझी तयारी नाही. म्हणून नळी इथेच ठेवतो, तशीही तिची मान वाकडी आहे. येताना फक्त लाकडी बैठक आणतो, मोजे आणि चॉकलेटच्या मधे गुंडाळून.

नळी तुम्ही करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही चिंचपोकळीच्या गाळ्यावर जात नाही असं आई म्हणाली, पण तिथल्या मंडळींना एक दिवस लेथ मागायला काय हरकत आहे? ५० मिलिमीटरचा पितळी बार, फूटभरही नको. ड्रॉइंग सोबत पाठवलंय, आकडे मोठे लिहिलेत. बाहेरचं टर्निंग आणि तोंड करून ठेवा.

खुंटांचं भोक मात्र मी आल्यावर पाडा. मला बाजूला उभं राहून बघायचंय.

तुमचा,
सुहास