तुम्ही पुढचंच वचन घेतलंत

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमच्या निरोपाच्या रविवारी मला बोलायचं होतं. माइक माझ्यापर्यंत आलाही होता. पण पर्समधून आईची वही काढली आणि घसा असा दाटून आला की माइक तसाच शेजारच्या बाईंच्या हातात दिला. आता तुम्ही निवृत्त होऊन अमरावतीला गेलात. त्या दिवशी जे राहून गेलं ते आज लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण आपल्या चर्चच्या मंडळीत माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि त्यांनाही हेच म्हणायचं आहे.

आई गेली तेव्हा तुम्ही आलात, पाळकीणबाईंनी आठवडाभर डबा पाठवला. त्याचे आभार मी तेव्हाच मानले. आजचे आभार दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. तुम्ही दर रविवारी प्रवचनाला पवित्र शास्त्रातलं पुढचंच वचन घेतलंत. मागच्या रविवारी जिथे बोट ठेवून थांबलात, त्याच्या पुढचं. बारा वर्षं.

२०१२ च्या जूनमध्ये तुम्ही आलात तेव्हा आम्हाला याची सवय नव्हती. आमच्याकडे प्रवचन म्हणजे विषय. परीक्षा जवळ आल्या की कष्टांवर, कापणीच्या सणाला अर्पणावर, नव्या वर्षी आशीर्वादावर. वचनंही तीच पंधरा-वीस, भिंतीवरच्या कॅलेंडरांवर छापलेली असतात ती. तुम्ही पहिल्या रविवारी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडलात आणि दुसऱ्या रविवारी तिथूनच पुढे निघालात. कमिटीतल्या एका वडिलांनी विचारलं, हे असं किती वर्षं चालायचं? तुम्ही सांगितलंत की झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लींनी १ जानेवारी १५१९ ला नेमून दिलेले पाठ बाजूला ठेवले, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घेतला आणि ओळीने पुढे गेले. रीत जुनी आहे, म्हणालात, आणि मला हिच्यापेक्षा चांगली येत नाही.

माझी आई ४० पानी वह्या घ्यायची, मंगळवारी बाजारातून, डझनाच्या भावाने. सरकारी दवाखान्यात ती आया होती, शिक्षण सातवीपर्यंत. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली पुस्तक, अध्याय, वचन, आणि मग तुम्ही बोललात त्यातलं तिला जे पटलं ते दोन-तीन ओळींत. पटलं नाही ते सुद्धा लिहायची, पुढे प्रश्नचिन्ह काढून.

जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक ऐन मे महिन्यात आलं होतं. बाहेर ४५ अंश, चर्चमधला कूलर गरम वारा फेकत होता, आणि तुम्ही तेराव्या अध्यायातल्या कातडीवरच्या चट्ट्यांबद्दल बोलत होतात. खरं सांगते, अर्धी मंडळी पेंगत होती आणि मीही त्यांच्यात होते. आई मात्र ताठ बसलेली. याजक चट्टा पाहतो, सात दिवस माणसाला वेगळं ठेवतो, पुन्हा पाहतो, गरज पडली तर आणखी सात दिवस. घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, हे तर आपल्या वॉर्डासारखंच हाय. सात दिवस वेगळं ठेवून राहिले, पुन्हा तपासून राहिले. देवानं हे कायले लिहून ठेवलं असंल?" मी नर्स असून मला हे सुचलं नव्हतं. त्याच अध्यायाच्या शेवटी शेवटी येतं की ज्याचा रोग ठरला त्याने फाटके कपडे घालायचे, वरचा ओठ झाकायचा, 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. आईने वहीत लिहिलं होतं, 'एकटं राहायचं', आणि खाली दोन रेघा.

त्या दोन रेघांचं उत्तर तिला तीन वर्षांनी मिळालं, मत्तयात. मध्ये येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचे तीन अध्याय लागले. तेव्हाच तुम्ही कवी ना. वा. टिळकांची गोष्ट सांगितलीत. आपल्या नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या गाडीत त्यांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि वाचता वाचता ते याच डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तेव्हा त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आई लहानपणापासून टिळकांची गीतं म्हणायची, पण ही सगळी हकिकत आपल्याच स्टेशनावरून सुरू होते हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतर ती कधीही स्टेशनावर गेली की फलाटाकडे जरा वेळ बघत उभी राहायची.

आणि मग आठवा अध्याय. येशू डोंगरावरून उतरतो आणि पहिलाच जो माणूस समोर येतो तो कुष्ठरोगी. येशू हात पुढे करतो आणि त्याला शिवतो. हे वचन मी संडे स्कूलपासून ऐकत आले. पण तुम्ही त्या दिवशी पवित्र शास्त्र मागे उलटून आम्हाला पुन्हा लेवीय तेरा काढायला लावलंत आणि विचारलंत, या माणसाला शेवटचा हात कधी लागला असेल? चर्चमध्ये कुणी हललं नाही. बरं तर एका शब्दानेही करता आलं असतं. पुढच्याच गोष्टीत शताधिपतीचा चाकर तसाच बरा होतो, येशू त्याच्या घरी जातही नाही. इथे मात्र आधी हात, मग शब्द. मे महिन्यात पेंगत ऐकलेला तो अध्याय नसता तर हा स्पर्श मला नुसता चमत्काराचा एक भाग वाटला असता. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्यावर मी एका म्हाताऱ्या पेशंटचा हात उगीचच जरा जास्त वेळ धरला होता. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

जून २०१८ मध्ये नव्या करारातलं, प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र सुरू झालं. ते अवघड गेलं. तुम्ही घरी तीन-तीन मराठी भाषांतरं समोर ठेवून बसता हे पाळकीणबाई सांगायच्या. त्यात पंडिता रमाबाईंचंही होतं, केडगावला त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं. आम्हाला मात्र तुम्ही एकच साधी गोष्ट शिकवलीत. पौल 'म्हणून' म्हणाला की थांबायचं आणि मागे वळून बघायचं. आठव्या अध्यायाचं पहिलंच वचन तसं आहे, म्हणून आता ख्रिस्तात जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. मागचे सात अध्याय ज्याने चालून काढले नाहीत त्याला हे 'म्हणून' फुकटात मिळतं, आणि फुकटातलं टिकत नाही, असं तुम्ही म्हणालात. आईने वहीत 'म्हणून' लाल पेनने लिहायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

१५ मार्च २०२०. आठव्या अध्यायाची शेवटची दोन वचनं. मरण नाही, जीवन नाही, आताच्या गोष्टी नाहीत, पुढे येणाऱ्या नाहीत, कशालाही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करता येणार नाही. पुढचा रविवार जनता कर्फ्यूचा. मग टाळेबंदी. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर स्तोत्रांवर छोटे संदेश पाठवत राहिलात, पण रोमकरांसला हात लावला नाहीत. ते एकत्र बसून ऐकायचं पत्र आहे, जमू तेव्हा पुढे जाऊ, असं कळवलंत.

सप्टेंबरमध्ये आई गेली. नागपुरात त्या महिन्यात काय चाललं होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. मी नर्स, त्यामुळे मला एकदा आत जाऊ दिलं. पीपीई किट, दोन जोड हातमोजे. मी तिचा हात धरला, पण तिला माझा हात लागला नाही, रबर लागलं. ती काही बोलण्याच्या स्थितीत नव्हती. जरीपटक्याच्या दफनभूमीत आम्ही मोजून पाच माणसं होतो, तुम्ही सहावे, लांब उभे.

नोव्हेंबरच्या १६ तारखेला, पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. २२ तारखेच्या रविवारी आपण जमलो. एकाआड एक बाक, टेपने मारलेल्या फुल्या, दारात सॅनिटायझर, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आईच्या नेहमीच्या जागेवर फुली होती. बऱ्याच जणांना वाटत होतं की आज उपकारस्तुतीचा काहीतरी उभारी देणारा संदेश असावा. कमिटीतल्या कुणीतरी तुम्हाला तसं सुचवलंही होतं, हे मला नंतर कळलं. मीही मनाची तयारी करून आले होते. कुणी उभं राहून 'देवाने आपल्याला राखलं' असं म्हणेल आणि मला मान डोलवावी लागेल, अशी.

तुम्ही पुलपिटवर गेलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "रोमकरांस पत्र, अध्याय नववा, वचन पहिलं." आणि वाचलंत. पौल म्हणतो, मी खोटं बोलत नाही, मला मोठं दुःख आहे, माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहेत.

पाळकसाहेब, मी त्या क्षणी पहिल्यांदा रडले. सप्टेंबरपासून पहिल्यांदा.

ज्याने नुकतंच म्हटलं की मरणही वेगळं करू शकत नाही, तोच माणूस पुढच्या वाक्यात म्हणतो की माझं काळीज दुखतं आहे, आणि थांबत नाही. मधे एक कोरी जागा तेवढी. आमच्यासाठी त्या कोऱ्या जागेत आठ महिने आणि एक कबर होती. तुम्ही जर त्या दिवशी माझ्याकडे बघून, माझ्यासाठी म्हणून हे वचन शोधून आणलं असतं, तर मला ते सहानुभूतीचं वाटलं असतं. मी आभार मानले असते आणि घरी गेले असते. पण ते तुम्ही शोधलं नव्हतं. ते पुढचं होतं. आई जिवंत असती तरी त्या दिवशी तेच वाचलं गेलं असतं, तिने ते वहीत लिहिलं असतं. ते आधीपासून तिथे होतं, माझ्या दुःखाच्या कितीतरी आधीपासून, आणि आम्ही चालत चालत तिथे पोचलो होतो. मला यानेच धीर आला. याच्याहून नीट मला सांगता येत नाही.

उपासना संपल्यावर तुम्ही दारात उभे होतात. मी विचारलं, तुम्हाला दुसरं काही घ्यावंसं वाटलं नाही का? तुम्ही धर्मसुधारक कॅल्व्हिनचं सांगितलंत. १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं, १५४१ मध्ये परत बोलावलं. सगळ्यांना वाटलं आता हा पहिल्या प्रवचनात झाडून काढणार. तो उभा राहिला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे शिकवू लागला. "ताई, आपलं म्हणणं मध्ये आणायचं नाही एवढंच," तुम्ही म्हणालात. तुमचाही थोरला भाऊ त्या ऑगस्टमध्ये गेला होता. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, पाळकीणबाईंनी सांगितलं, फार नंतर.

त्या संध्याकाळी मी आईची वही काढली. १५ मार्चच्या पानावर तिचं अक्षर, आणि समोरचं पान कोरं. त्यावर तारीख घातली आणि लिहायला लागले. 'म्हणून' मीही लाल पेननेच लिहिते.

पुढे दुसरी लाट आली, दारं पुन्हा मिटली, ऑक्टोबर २०२१ ला उघडली, आणि तुम्ही पुन्हा पुढचंच वचन घेतलंत. तेव्हा कुणी काही सुचवलं नाही.

सोळाव्या अध्यायाबद्दल लिहिल्याशिवाय मात्र पत्र पुरं होणार नाही. नुसती नावं. पंचवीसहून जास्त. मला वाटलं होतं हा एका रविवारी उरकेल. तुम्ही तीन घेतलेत. पत्र घेऊन जाणारी फीबी, जीव धोक्यात घालणारे प्रिस्क आणि अक्विल्ला, पुष्कळ श्रम करणारी पर्सिस, आणि पौल सांगत असताना हाताने लिहून घेणारा तर्तिय, जो मधेच स्वतःचाही सलाम घालतो. मग तेरावं वचन. रूफ आणि त्याची आई, 'जी माझीही आई'. तिचं नाव पौल देत नाही. तुम्ही वाचायचं थांबलात आणि म्हणालात, ज्याला कुणाला अशी आई मिळाली असेल त्याने तिचं नाव घ्यावं.

मागच्या बाकावरून गडचिरोलीचा तो मुलगा उठला, आयटीआयला होता तेव्हा होस्टेलवर राहायचा तो. त्याने माझ्या आईचं नाव घेतलं. दर रविवारी उपासनेनंतर ती त्याला झुणका-भाकरीचा डबा द्यायची, दोन वर्षं. मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं तो दुसरा डबा ती दुपारी शेजारणीला देते. तो म्हणाला, "माझीही आई." आणि बसला.

इथली खबर अशी. तुम्ही मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात चाळिसाव्या वचनावर थांबला होतात. नवे पाळक वयाने लहान आहेत, पहिल्या रविवारी हात जरा थरथरत होते. सगळे वाट बघत होते, काय घेतात. त्यांनी एक्केचाळिसावं वाचलं. दानपेटीत दोन टोल्या, अगदी हलकी नाणी, टाकणारी विधवा. मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

गडचिरोलीचा मुलगा तुम्हाला सलाम सांगतो. पेटीवाले भाऊ सलाम सांगतात. किती वर्षं चालायचं असं विचारणारे वडील आता काठी घेऊन येतात, त्यांचा सलाम. शेजारच्या बाई आणि त्यांची सून सलाम सांगतात. पाळकीणबाईंना माझा सलाम सांगा.

हे पत्र लिहिणारी मी, वहीवाल्या बाईची मुलगी, तुम्हाला प्रभूमध्ये सलाम सांगते.