पांडवकडा लांबून दाखवायला माणसं हवीत : खारघरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

पावसाने जोर धरला की खारघरच्या डोंगरावरून पांढऱ्याशुभ्र धारा उतरू लागतात आणि हार्बरच्या गाड्या भरभरून तरुण मुलं इकडे येतात. त्यांना पांडवकडा पाहायचा असतो. साधारण १०७ मीटरवरून कोसळणारा हा धबधबा. वनवासात पांडव इथे येऊन गेले, असं मानतात. येणाऱ्यांची ओढ आम्हाला समजते. आमच्यापैकी कितीतरी जणांनी या डोंगराकडे बघूनच इथे घर घेतलंय.

पण ऑगस्ट २०१९ मध्ये याच पाण्यात कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये गोल्फ कोर्सजवळचा ओढा अचानक चढला आणि पलीकडे अडकलेल्या शंभराहून अधिक माणसांना अग्निशमन दलाने बाहेर काढलं. डोंगर उभा, खाली सगळा कातळ. माथ्यावर मोठी सर आली की पायथ्याशी पाऊस नसतानाही बघता बघता ओढा भरतो. घोटाभर पाण्यातून पलीकडे गेलेल्यांना परतीची वाटच उरत नाही, आणि शेवाळलेल्या दगडांवर पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. म्हणून पावसाळ्यात तिथे प्रवेशबंदी असते. पोलीस आणि वनखात्याचे कर्मचारी बंदोबस्ताला असतात, पण आडवाटा फार.

नुसतं ‘जाऊ नका’ म्हटल्याने लांबून आलेला माणूस माघारी फिरत नाही. त्याला दुसरं काहीतरी दाखवावं लागतं, आणि आपल्याकडे ते आहे. सेंट्रल पार्कच्या बाजूने हिरवागार डोंगर आणि त्यावरच्या धारा डोळे भरून पाहता येतात, तेही पाय ओले न करता. २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो थेट सेंट्रल पार्कला सोडते. जानेवारी २०२५ मध्ये खुलं झालेलं इस्कॉनचं मंदिर आहे. आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे डोंगरावरच्या चाफेवाडी-फणसवाडीकडून खाली येणाऱ्या रानभाज्या. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी. या भाज्या घ्याव्यात, कशा करायच्या ते विकणाऱ्या मावशींनाच विचारावं. घरी नेण्यासारखं याहून चांगलं खारघरमध्ये दुसरं काही नाही.

हे सगळं सांगायला वाटांच्या तोंडाशी माणसं हवीत. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी सकाळी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावायच्या आहेत. वयाची अट अठराच्या वर, एवढीच. निवृत्त मंडळींनी जरूर यावं. आजोबांनी हात जोडून अडवलं तर मुलं ऐकतात. कोणाशी हुज्जत घालायची नाही, ओढ्यात तर मुळीच उतरायचं नाही. कोणी ऐकलंच नाही तर लगेच पोलिसांना कळवायचं. पायथ्याच्या गावांतल्या जुन्या जाणत्यांनी आम्हाला आडवाटा दाखवून द्याव्यात, ही खास विनंती.

वस्तूंमध्ये रेनकोट, शिट्ट्या, दुरून चमकणारी जॅकेटं आणि हातातले भोंगे लागतील. मराठी, हिंदी व इंग्रजी फलकांसाठी पत्रे आणि रंग हवेत. छपाईचा व्यवसाय असणाऱ्यांनी परिसराचा नकाशा छापून दिला तर मोठं काम होईल. एखाद्या सोसायटीने सामान ठेवायला कोरडी खोली दिली तरी चालेल.

आर्थिक मदत कितीही छोटी असो, स्वीकारली जाईल. जमाखर्च दर महिन्याला सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर लावू. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती रोख रक्कम देऊ नये.

आपले,
खारघरमधील स्वयंसेवक रहिवासी