मोस्तारच्या कवीविषयी मित्रास पत्र

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. एकाच कवीने देशाची आणि प्रेमाची कविता लिहिली की त्यांतली एक हटकून फिकी पडते, हे तुझे मत मलाही पूर्वी पटत असे. परंतु सध्या इंग्रजी अनुवाद आणि मूळ संहिता शेजारी शेजारी ठेवून अलेक्सा शांतिच हा सर्बियन कवी वाचतो आहे, आणि त्याच्यापुरते तरी ते मत मागे घ्यावे लागते.

शांतिच १८६८ साली हर्झेगोविनातील (आजच्या बोस्निया-हर्झेगोविना देशातील) मोस्तार येथे एका ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्ब व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. व्यापाराचे शिक्षण घेण्यासाठी त्याला त्रिएस्ते आणि ल्युब्लियाना येथे धाडले होते. परतल्यावर मात्र दुकानातल्या हिशेबवह्यांपेक्षा त्याचे मन कवितेतच अधिक रमले. जर्मन कवी हाइनेच्या कवितांचे त्याने अनुवाद केले, मित्रांबरोबर ‘झोरा’ नावाचे मासिक चालवले. एका कॅथलिक छायाचित्रकाराच्या आंका नावाच्या मुलीवर त्याचे प्रेम होते, पण धर्मपंथ आड आला. तो अखेरपर्यंत अविवाहित राहिला आणि १९२४ साली मोस्तारमध्येच क्षयाने गेला.

त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रेमकविता म्हणजे १९०२ सालची ‘एमिना’. कालच्या सायंकाळी हमामातून परतताना कवी म्हाताऱ्या इमामाच्या बागेजवळून जातो, तेव्हा चमेलीच्या सावलीत हाती झारी घेतलेली एमिना उभी दिसते. तो सलाम करतो. ती ऐकलेच नाही असे दाखवून चांदीच्या झारीत पाणी भरते आणि गुलाबांना घालायला निघून जाते. हमाम, इमाम, सलाम, इतकेच काय, गुलाबातला ‘गुल’सुद्धा तिथे ‘जुल’ होऊन भेटतो. तुर्की अमलाने त्यांच्या भाषेत ठेवलेले हे शब्द आपल्याला कोशात शोधावे लागत नाहीत. हे गीत पुढे लोकांच्या तोंडी इतके बसले की अनेकांना ते लोकगीतच वाटते.

आता त्याची देशाची कविता पाहा. १८७८ साली बोस्निया-हर्झेगोविना तुर्की अमलातून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेल्यावर तेथील पुष्कळ मुसलमान घरेदारे सोडून तुर्कस्तानाकडे निघाले. १८९६ साली शांतिचने त्यांना उद्देशून ‘इथेच राहा’ ही कविता लिहिली. परक्या आकाशातला सूर्य इथल्यासारखी ऊब देणार नाही, जिथे आपले कुणी नाही आणि भाऊ नाही तिथला भाकरीचा घास कडू लागतो, असे तो त्यांना विनवतो. शत्रूला ललकारणारी देशभक्ती आपण शाळेपासून पाठ करत आलो. निघालेल्या शेजाऱ्याची वाट अडवून उभी राहणारी देशभक्ती मी तरी क्वचितच वाचली आहे. एमिनाला केलेला सलाम आणि ही विनवणी मला एकाच गळ्यातून आल्यासारखी वाटते.

एका जागी मात्र माझे घोडे अडले आहे. एमिना सलामाला उत्तर देत नाही, तेव्हा कवी ‘मोगा मि दिना’, म्हणजे ‘माझ्या दीनाची’, इस्लाम धर्माची, शपथ घेतो. म्हणजे ख्रिस्ती घरातला हा माणूस कवितेत मुसलमान होऊन बोलतो. ‘माझ्या दीनाची शपथ’ असे लिहावे तर आपला वाचक गरिबाची शपथ समजेल, आणि ‘धर्माची शपथ’ लिहावे तर बोलणाऱ्याचा वेशच उतरेल. तुला काही सुचले तर लगेच कळव.

तुझा,
जुना मित्र