वाचनालयातल्या बाईंना

बाई,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका दुपारी मी आंजर्ल्याहून एसटीने दापोलीला आले होते. छत्री उलटलेली, पाय चिखलाने भरलेले. तशीच तुमच्या टेबलाशी आले आणि मोबाइल पुढे केला. त्यात एकवीस पुस्तकांची यादी होती. मुलांना घरीच, त्यांच्या कलाने, हातांना काम देऊन कसं शिकवायचं, त्याची. "यातलं आधी कुठलं घेऊ?" तुम्ही यादीकडे पाहिलंही नाहीत. "पोर केवढी आहे?" म्हणालात. पावणेचार वर्षांची, मी सांगितलं. "आणि दिवसभर काय करते?"

"खेळते," मी म्हटलं. "कशाशी?" तुम्ही विचारलंत, आणि मला काही सांगता येईना. पोटची पोर, दिवसभर माझ्या अवतीभवती, आणि मला सांगता येईना.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही रजिस्टरमध्ये डोकं घालता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय हल्ली हर्णैच्या, मुरूडच्या आया मला तेच विचारतात जे मी तुम्हाला विचारलं होतं. त्यांच्याही हाती हे पडावं.

तेव्हा माझी अवस्था काय होती ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या जूनमध्ये लेकीला आम्ही एका शिशुवर्गात घातलं होतं. रोज पाटीवर 'अ' गिरवायचा, पाच ओळी. ओळ सुटली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या आठवड्यात ती सकाळी चपला लपवायला लागली. एकदा त्या न्हाणीघराच्या चुलीमागे सापडल्या. त्या दिवशी तिला घरीच ठेवली आणि रात्री जागून मी मोबाइलवर शोधत बसले. साडेचार हजारांचा एक संच मागवला: प्लॅस्टिकची अक्षरं, चित्रांची कार्डं आणि दिवसाचं तासातासाचं वेळापत्रक. आठ दिवस मी ते कार्ड तिच्यापुढे धरायचे आणि ती माझ्या हाताखालून निसटायची. त्यानंतर ती पुस्तकांची यादी. भीतीपोटी केलेली यादी होती ती, बाई.

तुम्ही पुस्तक दिलंच नाहीत. ड्रॉवरमधून चाळीस पानी वही काढलीत आणि म्हणालात, "आठ दिवस नुसतं बघ. शिकवायचं नाही. ती काय करते ते लिही, कशी आहे ते लिहू नको. हुशार, हट्टी, चंचल, हे शब्द वहीत नकोत." मला राग आला होता. एवढ्या पावसातून आले ती वही न्यायला? परतीच्या गाडीत मी ती उघडलीही नाही.

ती वही आत्ता माझ्यापुढे आहे. दुसऱ्या दिवसाची नोंद अशी: "सकाळी. पडवीत शिंपल्या मांडते आहे. लहानमोठ्या अशा नाही. एकमेकींवर आपटल्या की टण् वाजणाऱ्या एकीकडे, बद्द वाजणाऱ्या दुसरीकडे." त्याखाली: "तांब्यातून वाटीत पाणी ओतलं. सांडलं. फडकं आणून पुसलं. परत ओतलं. अकरा वेळा." तोवर रोज मी तो तांब्या तिच्या हातातून काढून घेत होते, सांडते म्हणून. अकराव्या वेळेला एक थेंब सांडला नाही आणि ती उठून बाहेर गेली. हे मी लिहिलं नसतं तर मला दिसलंच नसतं.

आठवड्याने तुम्ही वही वाचलीत, तिसऱ्या पानावरचा 'हट्टी' शब्द पेन्सिलीने खोडलात आणि मग पहिलं पुस्तक हातात ठेवलंत. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न', मराठीतलं. वकिली सोडून मुलांच्या शिक्षणात शिरलेला माणूस, भावनगरला दक्षिणामूर्तीत १९२० साली बालमंदिर काढणारा. एवढंच सांगून तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं होतं, यात कृती असतील. तर ती निघाली चौथीच्या वर्गावरच्या एका प्रयोगाची कल्पित गोष्ट, आणि त्या मास्तरांचा पहिलाच दिवस फसतो! ते मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घ्यायला जातात आणि पोरं वर्ग डोक्यावर घेतात. मग ते आपली योजना बाजूला ठेवून गोष्ट सांगायला लागतात. तो भाग मी एका रात्रीत दोनदा वाचला. माझ्या कार्डांचं काय चुकलं होतं ते मला कुणी न रागावता कळलं. पहिलं पुस्तक हेच का, हे मला आता कळतं. त्यात शिकवणाराच आधी शिकतो.

दिवाळीनंतर तुम्ही अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' दिलंत. कोसबाड बोर्डीजवळच आहे. बोर्डी म्हणजे आपल्याच किनाऱ्याचं वरचं टोक, तरी मला त्या गावाबद्दल चिकू सोडून काही ठाऊक नव्हतं. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करत होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. आपण आज सर्रास वापरतो तो 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा, कुरणशाळा. परदेशी पद्धतीचं महागडं सामान परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं.

इथे मला वहीतल्या शिंपल्या आठवल्या आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ पडवीत बसून राहिले. पुढच्या शनिवारी मी तुम्हाला म्हटलं, "बाई, हे सगळं आमच्या घरात होतंच की." तुम्ही म्हणालात, "होतं. पण तू ते आवरून ठेवत होतीस."

त्या वर्षीच्या रातांब्यांचं सांगते, कारण त्या दिवसांत मी तुमच्याकडे आलेच नव्हते. वैशाखात सासूबाई कोकमाच्या सोलांसाठी रातांबे फोडायला बसतात. लेक जवळ गेली. एरवी मी म्हटलं असतं, फ्रॉक खराब होईल, डाग जात नाहीत. या वेळी तिला जुना परकर दिला, एक छोटा पाट दिला आणि सासूबाईंना सांगितलं की हिला काही सांगू नका, फक्त हळू हळू करून दाखवा. सासूबाईंनी एक रातांबा घेतला, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबला, उघडला, बोटाने गर आणि बिया काढून पातेल्यात टाकल्या, साल रोवळीत. बोलल्या नाहीत. लेकीचा पहिला रातांबा चिरडला. दुसरा वेडावाकडा फुटला. पाचव्याला तिला कळलं की देठाच्या बाजूने दाबलं तर तो सरळ उकलतो. हे कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही ते शब्दांत सांगता आलं नसतं. सव्वा तास ती तिथून हलली नाही, आणि याच पोरीला मी 'चंचल' म्हणत होते. कोपरापर्यंत लाल झालेले हात पुढे धरून ती म्हणाली, "आज्जी, उद्याला ठेव हां थोडे." दुसऱ्या दिवशी साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, तेही तिनेच केलं, आणि रोज संध्याकाळी त्या किती आक्रसल्या ते हाताने बघायची.

त्यानंतर तुम्ही मारिया मॉन्टेसरींना हात लावू दिलात, त्याआधी नाही. 'द अ‍ॅब्सॉर्बंट माइंड'. इंग्रजी पाहूनच मी दचकले. तुम्ही म्हणालात की हे आपल्याच देशात जन्मलेलं पुस्तक आहे. १९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या, पुढच्या वर्षी इटली महायुद्धात उतरलं आणि इटालियन म्हणून त्यांना इथेच अडकून पडावं लागलं. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं 'बालघर', म्हणजे लहान मुलांची शाळा, काढणारी बाई मग कितीतरी वर्षं भारतातल्या शिक्षकांना शिकवत राहिली. अहमदाबादच्या व्याख्यानांवरून हे पुस्तक झालं आणि १९४९ साली अड्यारहून निघालं. व्याख्यानं असल्यामुळे तेच मुद्दे फिरून येतात, भाषा जड आहे. तुम्ही सगळं पुस्तक वाचायला सांगितलं नाहीत. जुन्या एसटी तिकिटांचे तुकडे पानांत घालून ठेवलेत: एवढंच आत्ता, बाकी नंतर. शनिवारी दोन पानं तुमच्यासमोर मोठ्याने वाचायची, अडलेला शब्द तुम्ही सांगायचा. शाळा सोडल्यापासून मला असं कुणी शिकवलं नव्हतं.

तिथेच एका सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंतच्या दहा ठोकळ्यांबद्दल तुम्ही सांगितलंत. मोठ्यावर लहान असे रचायचे. चुकलं तर मनोराच दाखवतो, मोठ्यांनी बोलायची गरज नाही. मी विकत घेऊ का विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं बघितलंत. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात आमच्या पोफळींबरोबर परड्यातला फणसही आडवा झाला होता, लेक तेव्हा माझ्या पोटात होती. त्या फणसाच्या फळ्या माळ्यावर होत्या. सुताराने त्यातून दहा ठोकळे करून दिले, पिवळेधमक, अजून फणसाचा वास येतो. सगळ्यात लहान ठोकळा हरवला आहे. लेक त्याच्या जागी सुपारीचं खांड ठेवते.

पुस्तक कसं निवडायचं हे तुम्ही कधी व्याख्यान देऊन सांगितलं नाहीत, पण तुमच्या हाताकडे बघून मी ते उचललं. नवं पुस्तक आलं की तुम्ही आधी शेवटची पानं उघडता. तिथे विकत घ्यायच्या वस्तूंची यादी असली की पुस्तक बाजूला. मग मधलं कुठलंही पान, त्यात खरं मूल आहे का ते बघायला: नाही म्हणणारं, कंटाळणारं, लेखकाला चकवणारं. सगळी मुलं सगळ्या पानांवर आनंदाने शिकत असतील तर ते लिहिणारा मुलांत बसलेला नाही, असं तुमचं मत. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही ते मुखपृष्ठावर छापू शकतो, म्हणून नाव बघून भुलायचं नाही, हेही तुमच्याकडूनच. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाचं 'हाउ चिल्ड्रन लर्न' तुम्हाला आवडतं ते यासाठीच. १९६७ सालचं, आणि बरंचसं लहान मुलांकडे बघत केलेल्या टिपणांचं. मला ते माझ्या वहीचं मोठं भावंड वाटलं. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची मराठी पुस्तकं तर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती मी मोबाइलवरच वाचली आणि काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबने आमची पडवी भरून गेली.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी भांडले. मॉन्टेसरी म्हणतात, अगदी लहान मुलाला आधी खऱ्या जगातल्या गोष्टी द्या, पऱ्या-राक्षस नंतर. गिजुभाई तर गोष्टीलाच डोक्यावर घेतात. आमच्याकडे सासूबाई रोज रात्री राखणदाराची गोष्ट सांगतात, घुंगुरकाठी वाजवत बांधावरून जाणाऱ्या, गाव राखणाऱ्या देवाची. ती बंद करू का, मी विचारलं. दोघांनीही मुलांसाठी जन्म घातला आणि दोघांचं इथे जुळत नाही, असं तुम्ही म्हणालात. मग, "रात्री तिचा चेहरा बघ." मी बघितला. राखणदार आमच्याकडे राहिला. मॉन्टेसरींचं म्हणणं मला अजूनही पूर्ण खोटं वाटत नाही, पण या बाबतीत मी गिजुभाईंची आहे.

या जूनपासून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत जाते आहे, तुम्हाला माहीतच आहे. चपला स्वतः शोधून घालते.

बाई, तुम्ही माझ्यावर पुस्तकं लादली नाहीत, थांबवून ठेवलीत. एकवीस पुस्तकं मी त्या महिन्यात विकत घेतली असती, वाचलीही असती, आणि माझी लेक मला त्यातल्या एकाही पानावर भेटली नसती. याबद्दल तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. जे आहेत ते मनापासून आहेत.

'अ‍ॅब्सॉर्बंट माइंड' या शनिवारी परत आणते. तिकिटांचे तुकडे जिथल्या तिथे ठेवले आहेत. मधल्या एका पानावर रातांब्याचं बोट उमटलं आहे, त्याचा दंड घ्या.

आणि आता दुसरं. महिनाभर ती जोग नदीच्या खाडीवर, धक्क्याच्या पायऱ्यांवर कोळशाने रेघा मारते आहे, पाणी कुठवर चढलं त्याच्या. अमावास्येला वरून दुसरी पायरी, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, पाचवी. परवा तिने विचारलं, "काल आपण जेवायला बसलो तेव्हा पाणी वर होतं, आज जेवून झालं तरी का येत नाही?" रोज सुमारे पन्नास मिनिटं उशीर होतो, चंद्रामुळे, एवढं मला येतं. पण तिला ते हातात धरून बघता येईल असं काही हवं आहे. असं पुस्तक तुमच्या कपाटात असेल तर काढून ठेवाल का? नसेल तर वही द्या.

तुमची,
आंजर्ल्याची शनिवारवाली