ग्वो वेईच्या घरादाराबद्दल चार ओळी तरी हव्या होत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत दहाव्या शतकात चीनमध्ये पाठोपाठ आलेल्या पाच राजवटींवर पानभर लेख आला, आवडला, पण उत्तर (म्हणजे नंतरच्या) चौ घराण्याचा संस्थापक ग्वो वेई एका वाक्यात उरकलात, की सैन्याच्या जोरावर गादी बळकावली आणि तीन वर्षांत वारला, बस. मी शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला, हा माणूस मला फार जवळचा वाटतो, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय.

जन्म ९०४ चा. बाप लहानपणीच लढाईच्या धामधुमीत मारला गेला, आईही गेली, आणि पोराला सांभाळलं मावशीने. माय मरो पण मावशी जगो म्हणतो ना आपण, ते इथे अक्षरशः खरं झालं. अठराव्या वर्षी सैन्यात भरती, मानेवर चिमणी गोंदवलेली, म्हणून लोक त्याला चिमणी ग्वोच म्हणायचे. दारू, जुगार, मारामाऱ्या सगळं होतं. बाजारात एक खाटीक होता, सगळे त्याला टरकून असायचे, हा पिऊन त्याच्या दुकानात गेला, मांस नीट कापलं नाहीस म्हणून शिव्या घातल्या, त्याने पोट उघडं करून म्हटलं हिंमत असेल तर खुपस, आणि याने खरंच सुरी खुपसली. वरच्या अधिकाऱ्याची मर्जी होती म्हणून सुटला.

अशा माणसाला वळण लावलं ते बायकोने, छाय घराण्यातल्या. ती आधी उत्तर थांग बादशहाच्या राजवाड्यात होती, ९२६ मध्ये तो बादशहा मारला गेल्यावर तिला माहेरी पाठवलं. सांगतात ते असं, की आईवडील तिला न्यायला आलेले, पाऊस थांबेना म्हणून सगळे एका धर्मशाळेत अडकले, तिथे दारावरून फाटक्या कपड्यातला हा शिपाई जाताना तिला दिसला आणि तिने लग्न करीन तर याच्याशीच म्हणून सांगितलं. आईवडील चिडले, राजवाड्यात राहिलेली मुलगी निदान सुभेदाराच्या घरी तरी द्यायची की! तिने जवळच्या पैशांचे दोन वाटे केले, एक त्यांना दिला, एक स्वतः ठेवला आणि तिथेच लग्न केलं. पुढे तो पिण्यात, जुगारात वाहवत गेला की ती त्याला आवरायची, हे इतिहासकारांनीही लिहून ठेवलंय. तो गादीवर बसायच्या आधीच ती गेली, तरी सम्राज्ञीचा मान त्याने तिलाच दिला, मरणानंतर, आणि जिवंतपणी दुसऱ्या कुणाला सम्राज्ञी केलं नाही. नंतर आणखी तीन बायका केल्या, पण चौघीही आधी दुसऱ्या घरी राहून आलेल्या, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढच्या शतकांत तिकडे विधवांवर किती बंधनं आली ते बघितलं की हे जास्तच ठळक दिसतं.

आता मुख्य गोष्ट, जी लेखात अजिबात नाही. ९५० चा हिवाळा. ग्वो वेई उत्तरेला सीमेवर होता, आणि राजधानी कायफंगमध्ये चौच्या आधीच्या, उत्तर हान घराण्यातल्या तरुण बादशहाने दरबारातले तीन मोठे अधिकारी एकदम मारले आणि याचाही काटा काढायचा हुकूम पाठवला. घरचे सगळे राजधानीत. ल्यू चू नावाच्या अधिकाऱ्याने त्याची तेव्हाची बायको, दोन मुलगे, पुतणे सगळे कापले, तान्ही मुलंसुद्धा सोडली नाहीत. पत्नीचा भाचा छाय रोंग त्याने दत्तक घेतला होता, त्याचीही बायको आणि तीन मुलं त्यातच गेली. म्हणजे बाप आणि मुलगा, दोघांचीही घरं एकदमच रिकामी झाली.

ग्वो वेई फौज घेऊन राजधानीत आला, बादशहा पळताना मारला गेला, ल्यू चू हाती लागला. त्याला मारलंच, पण त्याच्या बायकामुलांना हात लावला नाही. याने माझं घर कापलं, मी याचं कापलं तर हे वैर संपणार कधी, असं म्हणाला, आणि वर त्या बाईला राहायला घर आणि जमीन दिली. तो काही संत नव्हता हेही सांगते, त्याच्या सैनिकांनी कायफंग लुटलं, आणि त्याच हान घराण्यातल्या ज्या ल्यू राजपुत्राला गादीवर बसवायला म्हणून बोलावलं होतं त्याला नंतर मारून टाकलं. पण स्वतःच्या घरात एवढं घडल्यावर समोरच्याची मुलं सोडणं, हे मला त्या सगळ्या काळात फार थोड्या ठिकाणी सापडलं.

९५१ मध्ये गादीवर बसला. मुलगे उरले नव्हते. सख्ख्या बहिणीचा मुलगा होता, जावई होता, दोघेही चांगले सेनापती, तरी वारस केला छाय रोंगला, म्हणजे त्या पहिल्या बायकोच्या भावाचा मुलगा, आणि बहिणीच्या मुलाला त्याच्यापुढे झुकायला लावलं, नंतर भांडण नको म्हणून. आणखी एक काम, जे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही कळेल. काही दशकांपूर्वी एका बादशहाने लढाईत पकडलेले बैल शेतकऱ्यांना देऊन त्यांवर वार्षिक खंड बसवला होता. बैल कधीच मेले, खंड मात्र चालूच. नातवंडं आजोबांच्या मेलेल्या बैलाचे पैसे भरतायत! ९५३ मध्ये याने तो बंद केला आणि ते कसत होते त्या सरकारी जमिनीही त्यांच्याच नावे केल्या. कुणीतरी म्हणालं चांगल्या जमिनी विकल्या तर खजिन्यात केवढे पैसे येतील, तर याचं उत्तर, लोकांकडे असलं म्हणजे राज्याकडेच असल्यासारखं आहे, मला ते पैसे काय करायचेत.

९५४ मध्ये दुखणं वाढलं तेव्हा छाय रोंगला पुन्हा पुन्हा बजावलं, मला कागदाचे कपडे घाला, मातीच्या शवपेटीत ठेवा, दगडी वाघ-घोडे काही उभारू नका, मजुरांना रोख मजुरी द्या, आणि शेजारची तीस घरं वेठीतून माफ करून थडग्याची देखरेख त्यांच्याकडे द्या. पश्चिमेच्या मोहिमेत त्याने जुन्या, मोठ्या थांग घराण्यातल्या बादशहांची अठरा थडगी बघितली होती, सोन्यापायी सगळी फोडलेली, असं तो म्हणाला. त्याचं थडगं हनान प्रांतात शिनचंगजवळ आहे. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर एवढं जरूर घ्या, जागा कमी पडली तर लढायांचा एखादा परिच्छेद काढा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली